१९ वर्षांचा पोरगा पहिल्याच तीन आठवड्यांच्या शर्यतीत तिसरा, म्हणजे नक्की काय समजायचं?

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी. सायकलच्या धाग्यांवर मी कधी लिहिलेलं नाही, खरं तर वाचतही नव्हते, पण गेलं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषयच नाहीये म्हणून शेवटी इथे येऊन विचारतेय. जागा चुकली असेल तर अॅडमिननी धागा हलवावा.

मुलगा अकरावी सायन्सला, सोळा पूर्ण. हॉलमध्ये शोकेसच्या जागी रोड बाईक उभी असते आणि चेनचं काळं माझ्या सगळ्या चांगल्या टॉवेलांना लागलेलं आहे. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला उठून पाम बीचला जातो, वाशी ते बेलापूर आणि परत, मग धावतपळत क्लासला. शाळेत असताना ह्याला उठवायला मला पाणी मारावं लागायचं, आता अलार्मच्या आधी उठतो, त्यामुळे तक्रार तरी कशी करायची. जानेवारीत पुण्याला ती ग्रँड टूर सायकल शर्यत झाली पाच दिवसांची, तेव्हा बाबा एक दिवस बघायला घेऊन गेले आणि तिथून हे जास्तच वाढलं.

आता मुद्दा. तो सारखा २०२२ सालच्या व्हुएल्टाच्या, म्हणजे स्पेनमधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीच्या, हायलाइट्स लावून बसतो. त्यात म्हणे हुआन अयुसो नावाचा स्पॅनिश मुलगा १९ वर्षांचा असताना पहिल्यांदाच तीन आठवड्यांची शर्यत खेळला आणि थेट तिसरा आला. ह्याने त्यावरून हिशोब मांडलाय की "आई, माझ्याकडे फक्त तीन वर्षं आहेत, मी ऑलरेडी लेट आहे." भिंतीवर तक्ता लागलाय, आठवड्याचे किलोमीटर दुप्पट करायचेत, रविवारची टेस्ट सिरीज बंद करायचीय, आणि पॉवर मीटर (पेडलवर किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र) हवाय ज्याची किंमत ऐकून बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यात नवीन म्हणजे रात्री भात बंद केलाय कारण वजन कमी हवं.

मला त्याचा उत्साह मारायचा नाहीये. पण ते १९ व्या वर्षी तिसरं येणं म्हणजे खरंच एवढं मोठं काय आहे, आणि अशा पोरांचं पुढे होतं काय, हे कोणी नीट समजावून सांगेल का? मी "अभ्यास कर" म्हटलं की ते त्याला ऐकू येत नाही. सायकलवाल्यांचं ऐकेल कदाचित.

ब्रेकअवे_बेलापूर

ताई, चिरंजीवांची माहिती एकदम बरोबर आहे. अयुसोचा जन्म १६ सप्टेंबर २००२ चा आणि ती व्हुएल्टा माद्रिदला संपली ११ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे विसावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना हा पोडियमवर उभा. रेम्को एव्हनपूल पहिला, एन्रिक मास दुसरा, अयुसो तिसरा, पहिल्यापेक्षा जेमतेम पाच मिनिटं मागे, आणि हे कशावर तर एकवीस टप्पे आणि सव्वातीन हजार किलोमीटरवर. फ्रान्सची टूर, इटलीचा जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा ह्या तीन मोठ्या शर्यतींत वीस पूर्ण न झालेला माणूस पहिल्या तिघांत ह्याच्या आधी आला होता तो थेट १९०४ मध्ये, आंरी कॉर्ने, टूर द फ्रान्सला. आणि तोसुद्धा रस्त्यावर पाचवा आला होता, पुढच्या चौघांना लबाडीसाठी बाद केलं म्हणून काही महिन्यांनी कागदावर पहिला झाला (त्या वर्षी लोक मधला पल्ला चक्क रेल्वेने मारत होते, तो वेगळा धागा होईल). म्हणजे ११८ वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. त्यामुळे एवढं मोठं काय आहे ह्याचं उत्तर: खूपच मोठं आहे.

पण हायलाइट्समध्ये न दिसणाऱ्या दोनतीन गोष्टी पोराला सांगा. एक म्हणजे तो टीमचा एकटा लीडर म्हणून गेला नव्हता. टीममधला दुसरा लीडर जोआओ आल्मेदा होता ना सोबत, त्यामुळे वाईट दिवस आला असता तरी कोणी जाब विचारणार नव्हतं. दुसरं म्हणजे प्रिमोझ रॉग्लिच, जो तेव्हा दुसऱ्या नंबरावर होता, सोळाव्या टप्प्यात फिनिश लाइन समोर दिसत असताना पडला आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातच केली नाही त्याने, म्हणजे सगळ्यांचीच एक जागा वर सरकली. हे अयुसोचं श्रेय कमी करायला नाही सांगत. मधेच त्याची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, संसर्ग अगदी कमी म्हणून खेळू दिलं, आणि तशात तो तिसऱ्या आठवड्यात टिकला. मला विचाराल तर त्या शर्यतीतली खरी बातमी ती होती, तिसरा नंबर नाही.

पुढे काय झालं? २०२३ च्या व्हुएल्टात चौथा. २०२४ ला पहिली टूर, टीमचा मुख्य रायडर पोगाचार ह्याचा मदतनीस म्हणून, ती कोविडने अर्धवट सोडली. २०२५ चा जिरो लीडर म्हणून, एक टप्पा जिंकलासुद्धा, पण मग पडणं, गुडघ्याला टाके, शेवटी मधमाशी चावून डोळा सुजला आणि अठराव्या टप्प्यात घरी. त्याच वर्षी व्हुएल्टात दोन टप्पे जिंकला पण एकूण क्रमवारीतून लवकरच बाहेर, आणि वर्षाअखेर टीम बदलली. म्हणजे २०२५ संपेपर्यंत तीन आठवड्यांच्या शर्यतीत पोडियम एकदाच, तो १९ व्या वर्षीचा. तो आजही जगातल्या भारी रायडर्सपैकी आहे हां, संपला वगैरे म्हणणारे येडे आहेत. फक्त २०२२ ला आम्ही सगळे म्हणत होतो की आता दरवर्षी हाच. मीपण म्हणालो होतो, जुनी कमेंट सापडेल इथेच कुठेतरी.

पंक्चर_काढतो

आधी बारावी होऊ द्या म्हणावं मग स्पेन फ्रान्स वाट्टेल तिकडे जा.

ब्रेकअवे_बेलापूर

आला हा. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की हे वाक्य घरात चालत नाही, वाचत जा रे बाबा.

घाटातला_म्हातारा

मी नौपाड्याचा, वय ६३, गुडघा एक ओरिजिनल एक बदललेला. परदेशातल्या शर्यतींचं मला ब्रेकअवेसारखं पाठ नाही पण एक गोष्ट सांगतो.

मुंबई-पुणे सायकल शर्यत मी एकदा चालवली, एकवीस वर्षांचा असताना. आमच्यात रोड बाईक वगैरे शब्द नव्हता, रेसर सायकल म्हणायचे, माझी सेकंडहँड आणि मागचं चाक किंचित आठ मारलेलं. बोरघाटात जो पहिला चढून जाईल त्याला घाटाचा राजा म्हणायचे, आणि पुण्यात कोण पहिला आलं हे विसरणारी माणसं घाटाचा राजा कोण हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवायची. मी राजा नव्हतो, प्रजेतही शेवटून मोजावं लागेल, पण चढलो आणि पुण्याला पोचलो. आदल्या रात्री मित्राशी पैज लावली होती की दुसऱ्या दिवशी सायकलनेच ठाण्याला परत येईन. त्या पैजेचं नंतर.

मुद्दा असा की एक दिवस कोणीही तरणाताठा पोरगा मारून नेतो. वारीला गेलेल्यांना विचारा. पहिल्यांदा गेलेला वीस वर्षांचा गडी दिवेघाट नाचत चढतो, फुगड्या काय, उड्या काय, आणि लोणंद-फलटणपर्यंत त्याच गड्याच्या तळपायाला फोड येऊन तो ट्रकच्या सावलीत पाय वर करून पडलेला असतो. शेजारून सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन काल चालली तेवढंच आज चालत जाते. ती काय त्याच्यापेक्षा ताकदवान आहे? नाही. तिला रात्री झोपून सकाळी पुन्हा तीच व्हायची सवय आहे. अठरा-वीस दिवसांचं गणित ताकदीचं नसतं, काल गेलेलं आज किती परत आलं ह्याचं असतं. आणि हे परत येणं शरीरात वर्षांनी बसतं, तक्त्याने नाही. त्या स्पॅनिश पोरात ते १९ व्या वर्षी होतं हे आश्चर्य आहे, मान्य, पण आश्चर्य म्हणजे टाइमटेबल नव्हे.

तुमच्या मुलासाठी एक खेळ सुचवतो. लागून तीन सुट्ट्या आल्या की तिन्ही दिवस सकाळी एकच चढ, येऊर समजा, आमच्याकडे तोच जवळ आहे. पहिल्या दिवशी जीव तोडून, वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सकाळी उठल्या उठल्या नाडीपण मोजायची. पॉवर मीटर लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

फिजिओ_कळवा

मी बाकी सगळं सोडून एकाच वाक्यावर अडकलेय, "रात्री भात बंद केलाय". ताई, ते आधी सुरू करा. आज रात्रीपासून.

सगळ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते कारण माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही, हे आता फार बघतेय. सायकलवाल्यांच्यात चढाचा हिशोब किलोमागे किती वॅट असा असतो. ६० किलोचा पोरगा ३०० वॅट काढत असेल तर किलोमागे पाच. आता वॅट वाढवायला दोन वर्षं लागतात आणि वजन उतरवायला दोन महिने, मग सोळा-सतरा वर्षांचं हुशार डोकं सोपा रस्ता शोधतं आणि जेवण तोडतं. आकडा महिनाभर छान दिसतो. मग पाय जड, चिडचिड, सारखी सर्दी, रक्तात लोह कमी, मुलींमध्ये पाळी थांबणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाडं. ह्या वयात हाडं भरत असतात, ती भरायची मुदत संपली की नंतर कितीही दूध प्या, ते कर्ज फिटत नाही.

आणि गंमत अशी की ज्या शर्यतीचं पोरगं उदाहरण देतंय ती मुळात खाण्याची शर्यत आहे. आत्ताचे व्यावसायिक रायडर्स सायकलवर बसल्या बसल्या ताशी ९० ते १२० ग्रॅम कार्ब्ज घेतात. मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅम धरा, म्हणजे तासाला चार केळी, असं चार-पाच तास, आणि उतरल्यावर ताटभर भात वेगळाच. हे पचवायला पोटालासुद्धा महिनोन्महिने सराव द्यावा लागतो. तीन आठवड्यांत बरेच जण पायांमुळे आधी मागे पडत नाहीत, पोट नाही म्हणतं किंवा झोप लागत नाही म्हणून पडतात. त्यामुळे त्याला म्हणावं, अयुसो व्हायचंय ना, मग भात वाढू का अजून. पाम बीचला जाताना खिशात राजगिऱ्याची चिक्की आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबू, एवढं पुष्कळ आहे दीड तासाला.

झोप किती घेतो? पहाटे पाचला उठत असेल आणि रात्री साडेअकरापर्यंत मोबाईलवर हायलाइट्स बघत असेल तर किलोमीटर दुप्पट करून काहीही होणार नाही, शरीर सुधारतं ते झोपेत. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं का तेही विचारा, ह्या वयात उंची पटापट वाढते आणि सीटची उंची मात्र वर्षापूर्वीची राहते, नव्वद टक्के कटकट तिथेच असते (माझ्या अनुभवातले नव्वद, कुठल्या अभ्यासातले नाहीत).

तात्या_खारघर

म्हातारबा वारीचं बेस्ट बोललात.

मी जुन्या काळातला फॅन, मी पोराला दुसरं नाव देतो, मिगेल इंदुराइन. तोपण स्पॅनिशच. १९८५ च्या व्हुएल्टात विसाव्या वर्षी चार दिवस लीडरची जर्सी त्याच्या अंगावर होती, म्हणजे तेव्हाही पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलंच असणार. त्याच वर्षी टूरला गेला, चौथ्याच टप्प्यात घरी. पुढच्या वर्षी परत गेला, परत अर्ध्यातून बाहेर. मग १९८७ ला ९७ वा, १९८८ ला ४७ वा, १९८९ ला १७ वा, १९९० ला १० वा. आणि १९९१ ला पहिला, तिथून सलग पाच वर्षं पहिला. हे आकडे एका कागदावर उभे लिहून त्या तक्त्याच्या शेजारी चिकटवा. ९७ वा येणाऱ्या पोराला आजच्या काळात लोकांनी इन्स्टावर रिटायर केला असता. टीमने त्याला मुद्दाम थांबवलं, थोडं खेळवून बाहेर काढलं, शिकायला पाठवत होते त्याला, निकाल मागत नव्हते. सत्ताविसाव्या वर्षी पहिली टूर जिंकली.

आणि ज्या रेम्कोने अयुसोला हरवलं त्याची पहिली तीन आठवड्यांची शर्यत काय होती बघा. २०२१ चा जिरो, वय २१. ऑगस्ट २०२० मध्ये इटलीत पुलाच्या कठड्यावरून खाली दरीत पडून कंबरेचं हाड मोडलेलं, त्यानंतरची पहिलीच रेस डायरेक्ट ही. पहिले दहा दिवस झाले तेव्हा साहेब दुसऱ्या नंबरावर, सगळे म्हणतायत हा जिंकतोय. अकराव्या टप्प्यात मातीच्या रस्त्यावर दोन मिनिटं गेली, मग रोज थोडी थोडी गेली, सतराव्या टप्प्यानंतर सोडून घरी. पुढच्याच वर्षी व्हुएल्टा जिंकला. आता सांगा ह्यातून पहिल्या शर्यतीवरून काय कळलं? माझं मत, पहिल्या दहा दिवसांकडे बघूच नये, तरुण पोरं तेवढे दिवस हवेत असतात. सोळा ते वीस हे टप्पे बघायचे.

ब्रेकअवे_बेलापूर

तात्या इंदुराइन ठीक आहे पण तो काळ वेगळा होता राव. आता सोळा वर्षांच्या पोरांकडेपण कोच, डेटा, डायट सगळं असतं युरोपात. ज्युनिअर गटाला गिअरची मर्यादा होती ना, पेडलच्या एका फेऱ्यात ७.९३ मीटरच्या पुढे सायकल जायला नको अशी, तीपण २०२३ पासून उठवली, म्हणजे अठराव्या वर्षीच मोठ्यांच्या गिअरवर. पोरं लवकर तयार होतायत हे मान्य करायला पाहिजे. पोगाचारचं काय मग? २०१९ ची व्हुएल्टा, पहिलीच, वय २०, तीन टप्पे जिंकला. आणि तुमच्याच नियमाने बघा, विसाव्या टप्प्यात लांबून एकटा सुटला आणि पाचव्यावरून तिसरा झाला, तेव्हा बाकीच्यांचे पाय संपलेले आणि ह्याचे नाहीत. एक वर्षाने टूर जिंकली, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पॅरिसला पिवळ्या, म्हणजे टूरच्या लीडरच्या, जर्सीत मिरवला.

तात्या_खारघर

अरे तेच तर म्हणतोय मी, विसावा टप्पा. तू माझीच बाजू मांडतोयस.

आणि पोगाचार एकच आहे. त्याच्याकडे बघून बाकीच्यांचं वेळापत्रक ठरवायला लागलो तर सचिन सोळाव्या वर्षी टेस्ट खेळला म्हणून शिवाजी पार्कवरच्या सगळ्या पोरांनी सतराव्या वर्षी किट विकायला काढावं लागेल.

दुसरं, विसाव्या टप्प्यात नुसते पाय पण लागत नाहीत. २०२५ चा जिरो आठव, डेल तोरो, एकवीस वर्षांचा मेक्सिकोचा पोरगा, दुसरीच मोठी शर्यत, अकरा दिवस गुलाबी, म्हणजे जिरोच्या लीडरची, जर्सी. शेवटून दुसऱ्या दिवशी फिनेस्त्रेच्या घाटात हा आणि त्याचा प्रतिस्पर्धी कारापाझ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, पुढे राहून वारा कोण कापणार, तू ओढ मी ओढ, आणि पुढे गेलेला सायमन येट्स जिरो घेऊन गेला. पोराच्या पायात दम होता की, दुसरा आला शेवटी. पण कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणाला नाही हे डोकं शर्यती हरूनच येतं.

रात्रपाळी_महापे

मधेच घुसतो. पाम बीचला पहाटे जात असेल तर मागचा लाल लाइट आणि रिफ्लेक्टर जॅकेट ह्यावर तडजोड नको, आणि एकटा नको, दोघंतिघं तरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे पहाटे टॅक्सीच्या धडकेत सायकलवाल्याचा जीव गेलाय. मी रोज त्या वेळेला कंपनीच्या गाडीतून घरी जात असतो, गाड्या कशा जातात ते आतून बघतो, आमचा ड्रायव्हरपण काही संत नाही. बाकी टूर बीर मला कळत नाही.

फिजिओ_कळवा

+१. पॉवर मीटरच्या आधी लाइट.

ऐरोलीची_आई

बापरे एवढं सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार, पंक्चरवाल्या दादांचेही. थोडा उशीर झाला लिहायला पण सांगण्यासारखं आहे म्हणून आले.

हा धागा मी त्याला वाचायला दिला. आधी तोंड वाकडं केलं ("आई तू इंटरनेटवर माझ्याबद्दल लिहिलंस??"), मग दार लावून दोन तास वाचला. इंदुराइनचे आकडे तक्त्याशेजारी लागलेत, मी चिकटवले नाहीत, त्यानेच. भात सुरू झालाय, ताशी चार केळी वाचल्यावर लगेच झाला, मी महिनाभर सांगत होते ते काही नाही. गुडघ्याला दुखत होतं, लपवलं होतं, सीट वर केली, आता बरं आहे म्हणतो. लाइट घेतला दोन्हीकडचा. बाबा आता शनिवार-रविवार स्कूटरवरून मागे जातात, त्यांचा मॉर्निंग वॉक बंद झाला ही एक नवीनच तक्रार.

आणि म्हातारेकाकांचा खेळ. तीन सुट्ट्या लागून आल्या तेव्हा वर्तकनगरला मामाकडे राहायला गेला, तिथून येऊर जवळ. मामेभावाला खाली घड्याळ घेऊन उभा केला आणि वरून फोन. पहिल्या दिवशी १३ मिनिटं ४० सेकंद. आल्यावर अंगात वारं, "आई उद्या तेरा फोडतो" असा फोन. दुसऱ्या दिवशी १४ मिनिटं ५. जेवून जो झोपला तो चारला उठला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी रोजच्यापेक्षा अकराने जास्त, तरी गेला, १५ मिनिटं ५०. वर पोचून रस्त्याच्या कडेला बसला तो बसलाच, माकडाने हातातलं केळं ओढून नेलं तरी हा उठला नाही असं भाऊ सांगत होता. वहिनी म्हणाली तीन दिवसांत तांदळाचा डबा तळाला गेला.

घरी आल्यावर त्या व्हुएल्टाचे हायलाइट्स परत लावले. मी भाजी निवडत शेजारी बसले. ह्या वेळी फिनिशकडे बघत नव्हता, मधेच थांबवून थांबवून अयुसोचा चेहरा बघत होता. सतरावा का अठरावा टप्पा होता. मग एवढंच म्हणाला की हा काल पण हे करून आलाय, आणि परवा पण.

टेस्ट सिरीज सुरू आहे. पॉवर मीटरचं नाव अजून निघालेलं नाही, मी काढणार नाही. त्याने काकांना दोन गोष्टी विचारायला सांगितल्यात: चौथ्या दिवशी काय होतं, आणि त्या पैजेचं पुढे काय झालं.

घाटातला_म्हातारा

पहिल्या दिवसापेक्षा तिसरा दिवस दोन मिनिटं दहा सेकंदांनी मागे, सोळाव्या वर्षी चांगलं आहे हे. त्याला सांगा वही ठेव, पुढच्या वर्षी हाच खेळ परत, आणि पहिल्या दिवसाची वेळ बघायची नाही, पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक बघायचा. तो कमी झाला की मला फोटो पाठवा वहीचा.

चौथ्या दिवसाचं मी काय सांगणार. पुण्याहून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, कामशेतपर्यंत कसाबसा आलो, तिथे टपरीवर चहा प्यायला उतरलो आणि पाय परत पेडलवर चढेना. सायकल एसटीच्या टपावर बांधून ठाण्याला आलो. पैज पाच रुपयांची होती, मित्राने एसटीच्या तिकिटाचे पैसे वेगळे मागितले.